आतड्यातील जंतू आणि आपली मूत्रपिंडे



जंतू म्हटले की आपल्याला रोग आठवतो. परंतु आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जंतू जन्मभर वस्ती करून असतात आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी किंवा उपयोगाचे असतात. त्यांचा मूत्रपिंडांशी काय संबंध, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आपल्याला न पचलेल्या अन्नावर हे जंतू जगतात. डाळी, भाज्या, ज्वारी-बाजरी यांतील चोथा मिळाला तर ते ब्युटिरेटसारखी आम्ले तयार करतात व त्यावर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते. चोथा कमी पडला की ते उरलेल्या प्रथिनांकडे वळतात. त्यातून इंडोल निघते व यकृतात त्याचे इंडॉक्सिल सल्फेट बनते. निरोगी मूत्रपिंडे ते लघवीवाटे टाकून देतात. ती दुबळी झाली की ते रक्तात साचते. मूत्रपिंडाच्या पेशींना त्यामुळे आणखी इजा होते, असे प्रयोगांत दिसले आहे. रक्तातील प्रथिनाला ते चिकटून राहत असल्याने डायलिसिसनेही पुरते निघत नाही.

दुसरे उदाहरण मूतखड्याचे. पालकासारख्या भाज्यांतील ऑक्झलेटवरच जगणाऱ्या एका जंतूला १९८५ साली ऑक्झॅलोबॅक्टर हे नाव मिळाले. खडे बहुधा याच ऑक्झलेटचे असतात, आणि हा उपयोगी जंतू अनेक प्रतिजैविकांनी मरतो. तेव्हा सर्दी झाली की दुकानातून स्वतःच गोळ्या आणण्याची सवय सोडावी.

मात्र दही खाल्ले की मूत्रपिंड बरे होते, असे कोणी समजू नये. मूत्रपिंड निकामी होण्याची मुख्य कारणे आजही मधुमेह व रक्तदाब हीच आहेत. दस्तरखानावर मटण असले तरी त्याच्याबरोबर डाळ, भाजी, कोशिंबीर असावी. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी मात्र आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. त्यांना काही फळे-भाज्यांतील पोटॅशियम बाधू शकते.

हा आजार बराच वाढेपर्यंत दुखत नाही, म्हणूनच तो फसवा. विद्यार्थी मित्रांनो, घरात कोणाला मधुमेह वा रक्तदाब असेल तर आज त्यांना एकच प्रश्न विचारा: रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन शेवटचे केव्हा तपासले? उत्तर आले नाही, तर त्यांना घेऊन दवाखान्यात जा. शिकलेल्या मुलाचा घराला एवढा उपयोग झालाच पाहिजे.