तासावरची मास्तरकी
(शाखेच्या अभ्यासवर्गात सचिवांनी केलेले भाषण)



आज आम्ही रेल्वेबद्दल थोडे आणि विद्यापीठातल्या मास्तरांबद्दल जास्त बोलणार आहोत. कपाळाला आठ्या घालू नका. रेल्वेच्या दीडशेव्या वर्षी, २००२ साली, हिरवा कंदील धरलेला भोलू हत्ती आला, तो अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने काढलेला. रुपयाचे चिन्ह २०१० साली ठरले, ते काढणारे उदय कुमार पवईच्या आयआयटीत डिझाइन शिकलेले. ही विद्या कोणीतरी शिकवावी लागते.

मालधक्क्यावरून निवृत्त झालेल्या आमच्या एका सहकाऱ्याची मुलगी एका विद्यापीठात ग्राफिक डिझाइन शिकवते. नेमणूक तासिका तत्त्वावर. आम्ही मॅट्रिक झालेले. टाइप म्हटले की आम्हाला टाइपरायटर आठवतो. आम्हाला वाटले, तास घेतला, हजेरी मांडली, सुटली. तिने एका रविवारी आपली वहीच पुढे ठेवली. तीस मुलांची कामे. कोणाचा समास चुकला, कोणाच्या ओळी एकमेकींवर चढल्या, कोणी जाहिरातीला लग्नपत्रिकेचे अक्षर वापरले. ते सारे रात्री घरी बसून तपासायचे, दुरुस्त करून आले की पुन्हा तपासायचे. याचे पैसे नाहीत. संगणक स्वतःचा, सॉफ्टवेअरचे भाडेही स्वतःच्या खिशातून.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी प्राध्यापकांना तासाला १,५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये, असे ठरवले. तिच्या हाती त्याहून बरेच कमी पडतात, तेही तीन-तीन महिन्यांनी. उन्हाळ्यात काहीच नाही. जुलैत पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. अशी सहा वर्षे झाली.

हे आपल्याला नवे आहे का? मध्ये खंड पाडून पुन्हा कामावर घेण्याची युक्ती आपल्या कॅज्युअल मजुरांनी भोगली आहे. रेल्वे प्रकल्पांवरच्या मजुरांचा इंदरपाल यादव निकाल १९८५ चा, टपाल-तार खात्यातल्या रोजंदारांचा १९८७ चा. ज्यांनी लेबर कार्ड जपले होते, त्यांच्या हाती निदान पुरावा होता. मात्र २००६ च्या उमादेवी निकालानंतर कायम होण्याची वाट फार अरुंद झाली आहे. म्हणून आम्ही तिला खोटे आश्वासन दिले नाही. नेमणुकीची सगळी पत्रे एकत्र लाव, घेतलेल्या तासांवर दर महिन्याला विभागप्रमुखांची सही माग, आणि थकलेल्या बिलांसाठी बाकीच्या तासिकावाल्यांना बरोबर घेऊन लेखी अर्ज दे, एवढे सांगितले. आतापर्यंत अकरा जण तयार झाले आहेत. एकाने नाव मागे घेतले. त्याला आम्ही दोष देत नाही, त्याचा करार जुलैत संपतो.

आता आमचीही एक चूक सांगतो. गेल्या अधिवेशनाचे भित्तिपत्रक याच मुलीने केले. चार रात्री बसली. आम्ही शाल आणि नारळ देऊन मोकळे झालो, आणि छापखान्याचे बिल मात्र त्याच आठवड्यात चुकते केले. कार्यकारिणीत हा विषय निघाला तेव्हा खजिनदार म्हणाले, घरचीच मुलगी आहे. आम्ही गप्प बसलो. परवा व्हाउचर केले आहे. रक्कम तिला विचारून लिहायची आहे.