परळचे सहा आठवडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



हळदीकुंकवाला बोलणे निराळे आणि असे उभे राहून बोलणे निराळे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण सेक्रेटरीबाईंनी आग्रह केला की, तुम्ही आईला घेऊन मुंबईस राहून आलात ते सांगा, कोणावरही ती वेळ येऊ शकते. म्हणून उभी राहिले आहे.

२०१८ साली माझ्या आईच्या गालाला आतून फोड आला. तिला चाळीस वर्षांची मिसरीची सवय. महिना झाला तरी फोड बरा होईना. तपासणी झाली आणि परळच्या टाटा इस्पितळात जा असे सांगण्यात आले. हे इस्पितळ १९४१ साली सुरू झाले, आणि १९६२ पासून ते सरकारच्या अणुशक्ती खात्याकडे आहे. साऱ्या देशातून तेथे माणसे येतात.

ऑपरेशन झाले. पुढे किरणांचा उपचार, ज्याला आपली माणसे शेक म्हणतात, तो ३० वेळा घ्यायचा होता. सोमवार ते शुक्रवार, रोज एकदा. यंत्राखाली काही मिनिटेच निजायचे. एवढ्यासाठी इस्पितळात खाट देत नाहीत, आणि ते रास्तच आहे. खाट अधिक आजारी माणसाला हवी. पण राहात्याहून रोज परळला कोण जाणार? काही मिनिटांच्या कामासाठी सहा आठवडे मुंबईत बिऱ्हाड करणे आले.

दादाचा कांदा शेतात उभा होता, म्हणून मी निघाले. माझी मुले लहान. आत्याबाई म्हणाल्या, “जा, पोरांचं मी बघते. आई एकदाच असते.” सासूने असे म्हणणे सोपे नाही, हे तुम्ही जाणता.

आधी आम्ही कल्याणला नात्यातल्या घरी उतरलो. माणसे चांगली, पण दोन खोल्यांत सहाजण, त्यात आम्ही दोघी. लोकलच्या गर्दीत आईच्या टाक्यांना धक्का लागला आणि ती फलाटावरच मटकन बसली. त्या रात्री म्हणाली, “मला घरी ने. लेकीचे असे हाल करून मला जगायचं नाही.” मी तिच्यावर रागावले. त्याचे मला अजून वाईट वाटते.

मग इस्पितळाजवळ एक लॉज पाहिला. चार दिवसांच्या भाड्यात दोन आठवड्यांचे वाणसामान आले असते. रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेतून उपचाराचा खर्च भागतो, पण राहण्याचा खर्च आपलाच. इस्पितळाबाहेर फूटपाथवर चटया टाकून राहिलेली माणसे का राहतात ते तेव्हा कळले.

इस्पितळात समाजसेवा खाते असते, हे मला तोवर कोणी सांगितले नव्हते. तेथील बाईंनी फाईल पाहून चिठ्ठी दिली, आणि दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळेपर्यंत नावनोंदणी करून वाट पाहिली. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचे, १९६८ साली स्थापन झालेल्या संस्थेचे, रुग्णसेवा सदन आहे. तेथेही विचारावे. एकाच दारी बसून राहू नये.

गाडगेबाबा १९५६ च्या डिसेंबरात गेले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा बांधल्या, आणि मुंबईत जे. जे. इस्पितळात येणाऱ्यांसाठीही बांधली. यात्रेकरूप्रमाणे रोग्याच्या सोबत्यालाही छप्पर लागते, हे त्यांना सुचले. घरात आजारपण काढलेल्या बाईलाच असे सुचते असे मला वाटत होते.

तेथे आमच्या शेजारी बंगालकडची एक सून सासऱ्यांना घेऊन आलेली. तिची भाषा मला येईना, माझी तिला. पण तिसऱ्या आठवड्यात आईचे तोंड आतून सोलले, पाणी गिळवेना, तेव्हा तिने खुणेनेच मीठ-सोड्याच्या गुळण्यांची आठवण दिली. डॉक्टरांनी तेच सांगितले होते, मीच घाबरून विसरले होते. भाताची पेज, पातळ वरण, गार दूध, एवढेच आई घेई. तिखट बंद. एकदा आपल्या राहात्याचे पेरू दादाने पाठविले, तर आईने नुसते हुंगून ते त्या सुनेच्या सासऱ्यांना दिले.

आणखी एक सांगते. शिर्डीहून दादरला थेट गाडी आहे. इस्पितळातून रेल्वेचा फॉर्म भरून घेतला की स्लीपरला रोग्याचे तिकीट माफ आणि सोबत्याला पाऊण सवलत मिळते. आम्ही पहिल्या दोन खेपांना पुरे पैसे भरले!

आई पुढे तीन वर्षे होती. नातवाच्या मुंजीला आली, जेवली. मिसरीची डबी तिने परळहून आल्यावर स्वतःच चुलीत टाकली. येथे बसलेल्यांपैकी कोणाकोणाच्या कमरेला ती डबी आहे ते मला माहीत आहे. नावे घेत नाही. गालात पांढरा चट्टा किंवा न भरणारा फोड दिसला तर मात्र घरात लपवू नका, मला सांगा, मी दवाखान्यात सोबत येईन.

तेथून आणलेली पिशवी मी मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. तीत छोटे पातेले, थर्मास, दोन चादरी, गुळण्यांचा पेला आणि फाईल ठेवायची जाड पिशवी आहे. पत्ते वहीत लिहिले आहेत. ज्यांना जावे लागेल त्यांनी मागून न्यावी, आणि येताना पातेले घासून आणावे.