मनोऱ्यावरील अँटेना ओळखताना

दिल्लीतील गच्च्यांवरच्या मनोऱ्यांकडे पालक साशंक नजरेने पाहतात आणि त्यांचे बोट नेमके ढोलासारख्या गोल अँटेनांकडे वळते. हे ढोल मात्र आपल्याशी बोलतच नाहीत. त्यांचा सूक्ष्मतरंगांचा अरुंद झोत दूरच्या मनोऱ्यावरील तशाच ढोलाकडे सरळ जातो. म्हणूनच मध्ये इमारत उभी राहिलेली त्यांना चालत नाही. आपल्या मोबाइलशी संवाद साधतात त्या उभ्या, लांबट, फळीसारख्या अँटेना. त्या बहुधा तीन दिशांना तोंड करून असतात, प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे १२० अंशांचा प्रदेश. आणि निरखून पाहिल्यास त्या पुष्कळदा किंचित खाली झुकलेल्या दिसतात.

आकारामागचे गणित तरंगलांबीचे. ९०० मेगाहर्ट्झला ती सुमारे ३३ सेंटिमीटर, तर १०० मेगाहर्ट्झच्या एफएमला ३ मीटर. एके काळी घरोघरी दूरदर्शनसाठी उभारलेल्या, माशाच्या काट्यासारख्या यागी अँटेनांचे दांडे म्हणूनच चांगले लांब असत आणि कावळ्यांना बसायला सोयीचे! (ती घडवणाऱ्या यागी व उडा या दोन जपानी संशोधकांपैकी उडांचे नाव लोक विसरले, हे मला खटकते.) १९८८ साली पीतमपुऱ्याचा २३५ मीटर उंच मनोरा पूर्ण झाला.

भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल मनोऱ्यांच्या प्रारणाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. तेव्हा पालकांनी विचारायचेच तर फळीचा रोख कोणीकडे आणि तिच्यासमोर, तिच्याच उंचीवर, किती अंतरावर खिडकी आहे, हे विचारावे.