टॅली, नो जॉय, ब्लाइंड: हवेतल्या लढाईची बोली

आधी एक वाक्य ऐका. "बँडिट दोन, अकरा वाजता, खाली. टॅली एक. मी ब्लाइंड आहे, तू कुठंयस?"

शनिवारी रात्री साडेअकराला माझ्या खोलीतून असली वाक्यं बाहेर ऐकू जातात. आईला बरेच दिवस वाटत होतं की हे ऑफिसचंच काहीतरी चालू आहे. "प्रोजेक्ट पेटलाय का रे?" असं तिनं एकदा काळजीनं विचारलंही होतं.

तर मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनियर, आणि बरीच वर्षं ऑनलाइन विमान-लढाईचे गेम खेळतोय. वॉर थंडर, आयएल-टू, आणि लॅपटॉपच्या पंख्यानं परवानगी दिली तर डीसीएस. आज कुठला गेम चांगला, कुठलं विमान घ्यावं, हे काही सांगणार नाहीये. आज बोलायचंय ते या गेममधल्या भाषेबद्दल. या भाषेचे साधारण दोन भाग पडतात. एक भाग खऱ्या वायुदलांकडून जसाच्या तसा उचललेला. दुसरा खेळणाऱ्यांनी स्वतः घडवलेला. पहिला भाग सांगतो की आत्ता काय चाललंय. दुसरा सांगतो की कोण कसं वागतंय. हा फरक डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

सुरुवात घड्याळापासून. तुमच्या विमानाचं नाक म्हणजे बारा. उजवा पंख तीन, शेपूट सहा, डावा पंख नऊ. म्हणून "चेक सिक्स" म्हणजे मागे बघ. आता तुम्ही म्हणाल, मग सरळ "मागे बघ" म्हणा की! नवीन गट नेमकं तेच करतो. चार जण हवेत, आणि एक जण ओरडतो, "मागे, मागे!" कुणाच्या मागे? चौघंही एकदम वळतात आणि चौघांचंही लक्ष उडतं. यात मराठीचा काही दोष नाही, जपानीत ओरडलात तरी हाच गोंधळ होईल. म्हणून क्रम ठरलेला असतो: आधी कुणाला, मग काय करायचं, मग का. "दोन नंबर, ब्रेक लेफ्ट, सहाला बँडिट." ब्रेक म्हणजे थांबणं नाही हं. ब्रेक म्हणजे विमानाला जमेल तितक्या जोरात, आत्ताच्या आत्ता वळ. कारण नंतर ऐकायचं, आधी वळायचं.

आता माझे सगळ्यात आवडते चार शब्द. शत्रू दिसला तर टॅली. शत्रू दिसत नसेल तर नो जॉय. आपला साथीदार दिसतोय तर व्हिज्युअल. साथीदार दिसत नाहीये तर ब्लाइंड.

"दिसला" आणि "दिसत नाही" या दोन गोष्टींसाठी चार शब्द कशाला? कारण घाईत कुणी नुसतं "दिसला!" म्हटलं, तर ऐकणाऱ्याला कळणार कसं की कोण दिसला, ज्याला मारायचंय तो की ज्याला वाचवायचंय तो? खऱ्या लढाईत या एका गैरसमजात आपल्याच माणसावर गोळी जाऊ शकते. टॅली हा शब्द ब्रिटिशांच्या कोल्ह्याच्या शिकारीतून आलाय. कोल्हा दिसला की "टॅली-हो!" अशी आरोळी द्यायचे. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत तिथले वैमानिक जर्मन विमानं दिसली की रेडिओवर हेच ओरडायचे. उंचीसाठीचा "एंजल्स" हाही त्याच काळातला. एंजल्स पंधरा म्हणजे पंधरा हजार फूट.

पण मला थांबायचंय ते ब्लाइंडपाशी.

आमच्या गटात एक मुलगा आला, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा. हात चांगला, नेम त्याहून चांगला. पण ब्लाइंड म्हणायला लाजायचा. एका रात्री मी पुढे होतो आणि तो माझा विंगमन, म्हणजे माझी पाठ राखणारा. ढगातून बाहेर आलो तर त्याला मी दिसेना. तो गप्प. माझी समजूत अशी की पाठ सुरक्षित आहे, म्हणून मी निवांत एका बॉम्बरच्या मागे. वीसेक सेकंदांत मी पेटून खाली. गेम संपल्यावर तो म्हणाला, "दादा, मला वाटलं मी शोधून काढेन. उगाच कशाला सांगायचं!"

हे "उगाच कशाला सांगायचं" मी ऑफिसात रोज सकाळच्या मीटिंगमध्ये ऐकतो. "चालू आहे, होईल आज." याचा अर्थ पुष्कळदा असतो की मला काही दिसत नाहीये, पण कसं बोलू? कारण तिथे त्यासाठी एक सुटसुटीत शब्दच नाही. अख्खं वाक्य बोलावं लागतं, आणि ते वाक्य म्हणजे स्वतःच स्वतःचा कमीपणा चारचौघांत वाचून दाखवल्यासारखं वाटतं. ब्लाइंड या शब्दात माफी नाही, स्पष्टीकरण नाही. आणि ऐकणाराही "असा कसा दिसत नाही?" असं विचारत नाही. तो फक्त आपली जागा सांगतो. "तुझ्या दोन वाजता, वर." संपला विषय.

दोन-तीन महिन्यांनी त्याच मुलानं मॅच संपल्यावर, बाकीचे गेल्यावर, व्हॉइसवर म्हटलं, "दादा, कॉलेजात मी ब्लाइंड आहे." एम-थ्री दोनदा राहिला होता, आणखी दोन विषय लटकलेले, आणि घरी यातलं कुणालाच माहीत नव्हतं. मी काही समुपदेशक नाही. आमच्यातल्या एकाचं गणित बरं आहे, त्यानं रविवारची सकाळ दिली. घरी सांगायचं काम त्याचं त्यानंच केलं. एम-थ्री सुटला. बाकीचे दोन अजून आहेत, चालू आहे.

असो. पुढे जाऊ.

वायुदलाकडून आलेले बाकीचे शब्द भराभर घेतो. बोगी म्हणजे कुणाचं आहे ते न कळलेलं विमान. बँडिट म्हणजे नक्की शत्रूचं. फॉक्स वन, टू, थ्री ही क्षेपणास्त्र सोडल्याची हाक. वन असेल तर ते लागेपर्यंत तुम्हाला तुमचा रडार लक्ष्यावर धरून ठेवावा लागतो, टू उष्णतेच्या मागे जातं, आणि थ्रीच्या नाकात स्वतःचा रडार असतो. विंचेस्टर म्हणजे दारूगोळा संपला. बिंगो म्हणजे घरी पोहोचण्यापुरतंच इंधन उरलंय. आमच्यात बिंगो हा शब्द मोबाइलच्या बॅटरीसाठीही चालतो.

आता जरा फिजिक्स, पण घाबरू नका. अनुभवी खेळाडू "त्याच्याकडे ई नाहीये" असं म्हणतात. ई म्हणजे एनर्जी. आपण अकरावीत शिकलो ती, स्थितिज आणि गतिज. उंची म्हणजे बँकेत ठेवलेले पैसे, वेग म्हणजे खिशातली रोकड. हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर हजार मीटर खाली पडणारी वस्तू शून्यापासून ताशी साधारण पाचशे किलोमीटरचा वेग घेते. म्हणजे वर असलेला माणूस श्रीमंत. आणि प्रत्येक जोरदार वळणाला पैसे खर्च होतात.

यातून खेळाडूंचे दोन पंथ निघालेत. "बूम अँड झूम"वाले वरून येतात, एकदा झोडतात आणि तोच वेग वापरून परत वर निघून जातात. "टर्न अँड बर्न"वाले गिरक्या घेत शेपटीला चिकटतात. दुसऱ्या महायुद्धात जपानी झीरो विमान इतकं चपळ वळायचं की अमेरिकन वैमानिकांना सांगितलेलं असायचं, त्याच्याबरोबर वळायला जाऊ नका. मग जॉन थॅच या नौदलाच्या वैमानिकानं जोडीनं उडायची युक्ती काढली. दोन विमानं एकमेकांच्या दिशेनं आलटून-पालटून वळतात, त्यामुळे एकाच्या मागे लागलेला दुसऱ्याच्या बंदुकीसमोर येतो. थॅच वीव्ह. जून १९४२ मध्ये मिडवेला ती खऱ्या लढाईत वापरली गेली. आजही दोन बरे खेळाडू ती करतात, आणि नीट जमली की समोरचा चॅटमध्ये "चीटर" लिहितो. ही पावतीच समजायची.

या एनर्जीला गणितात बसवलं जॉन बॉइड या अमेरिकन वैमानिकानं, १९६० च्या दशकात, थॉमस ख्रिस्टी या गणितज्ञाबरोबर. इंजिनाच्या जोरातून हवेचा विरोध वजा करायचा, वेगानं गुणायचं, वजनानं भागायचं. त्या क्षणी तुमचं विमान किती भराभर "कमावू" शकतं, त्याचा आकडा मिळतो. बीटेकच्या चार वर्षांत मला एकही सूत्र इतकं पटकन कळलं नव्हतं. अर्थात तिथे चुकलं तर मागून कोणी गोळ्या घालत नव्हतं.

आता दुसरा भाग, खेळाडूंचे स्वतःचे शब्द. हे ऐकताना एक गंमत बघा. यातले बहुतेक शब्द तक्रारीचे आहेत.

"सील क्लबिंग" म्हणजे मुरलेल्या खेळाडूनं मुद्दाम नवशिक्यांच्या पातळीवर उतरून त्यांना बडवणं. "किल स्टील" म्हणजे मी अर्धमेला केलेला दुसऱ्यानं येऊन संपवणं. "एअरक्वेक" हा डीसीएसवाल्यांचा टोमणा. क्वेक हा १९९६ चा धडाधड गोळीबाराचा गेम. ज्या सर्व्हरवर कुणी काही योजना करत नाही, नुसतं उडायचं, मरायचं, परत उडायचं, तो एअरक्वेक. "हेड-ऑन" म्हणजे समोरासमोर येऊन गोळ्या झाडणं. दोघंही ताशी सहाशेनं येत असतील तर एक किलोमीटर अंतर तीन सेकंदांत संपतं, आणि बहुतेक वेळा दोघंही मरतात. त्याला कौशल्य मानत नाहीत. उलट खऱ्या युद्धात १९४२ च्या अखेरीस जर्मन वैमानिकांनी अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बरवर ठरवून समोरून हल्ले चढवले, कारण समोरून त्यांचा बचाव कमकुवत होता. त्यांना कुणी चॅटमध्ये नावं ठेवली नाहीत.

आणि सगळ्यात बदनाम शब्द, "व्हल्चिंग". व्हल्चर म्हणजे गिधाड, त्याचं केलेलं क्रियापद. शत्रूच्या धावपट्टीवर घिरट्या घालायच्या आणि उडू पाहणाऱ्या विमानाला जमिनीवरच टिपायचं. उंची शून्य, वेग जेमतेम. मघाच्या हिशेबात सांगायचं तर भिकारी. कित्येक सर्व्हरवर याला बंदी असते.

खऱ्या वायुदलात व्हल्चिंगसाठी नालस्तीचा शब्द असायचं कारण नाही. शत्रूची विमानं जमिनीवर असताना मारणं हे तिथे कामच असतं. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरच्या धावपट्टीवर पाकिस्तानच्या सहा सेबर विमानांनी हल्ला केला. बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांनी आपलं छोटंसं नॅट उडवलं, तेही जोडीतलं दुसरं म्हणून, पुढच्या विमानाच्या मागोमाग. उडाल्याबरोबर ते सेबरना भिडले. पुढचं विमान आणि ते, दोघांची चुकामूक झाली. सेखों एकटे लढले आणि त्यात गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. वायुदलातलं आजवरचं ते एकमेव आहे.

मी हे वाचलं त्यानंतर बरेच दिवस मला व्हल्चिंग हा शब्द सहज तोंडातून काढवत नव्हता. आता काढतो. कारण माझ्या मते तो शब्द खेळाडूंनी बनवला हे चांगलंच आहे. युद्धात न्याय-अन्याय मोजायला कुणाला सवड नसते. इथे मेलेला माणूस दहा सेकंदांत परत उडतो, म्हणून "हे बरोबर नाही" असं म्हणायची चैन परवडते. सैन्यानं टॅली दिलं, बिंगो दिलं. लाज मात्र आपली आपण बनवावी लागली.

इंजिनियर आहे म्हणून एक शेवटचा शब्द, "वार्प". समोरचं विमान अचानक उडी मारून भलतीकडेच दिसतं. ताशी सातशेवीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला दोनशे मीटर. पुण्यातून युरोपातल्या सर्व्हरवर खेळताना पिंग दीडशे मिलिसेकंद धरा. तेवढ्यात विमान तीस मीटर पुढे गेलेलं असतं. स्पिटफायरची लांबी नऊ मीटरच्या आसपास. म्हणजे मधल्या जागेत तीन स्पिटफायर मावतील. तुमचा गेम शेवटच्या कळलेल्या वेगावरून अंदाज बांधत विमान पुढे सरकवत राहतो. समोरच्यानं त्याच क्षणी वळण घेतलं की अंदाज चुकतो, आणि खरी बातमी आल्यावर विमान उडी मारतं. त्यामुळे प्रत्येक वेळी "हॅकर, हॅकर" ओरडू नका. बिचाऱ्याच्या बिल्डिंगमधलं वायफाय असू शकतं.

मराठीत आमचे काही शब्द झालेत, तेही सांगतो. बूम अँड झूमवाला म्हणजे "घार". व्हल्चिंगला आम्ही म्हणतो "पिल्लं उचलणं". कोंबडीच्या पिल्लांवर घार कशी येते ते ज्यानं गावाकडे पाहिलंय त्याला समजावून सांगावं लागत नाही. आमच्यातला एक जण ओझरचा आहे, जिथल्या कारखान्यात पूर्वी वर्षानुवर्षं मिग बनायचे. "अंगणात या" हा शब्द त्याचा. म्हणजे लढत लढत आपल्या विमानतळावरच्या तोफांच्या टप्प्यात या, मागचा आपोआप सुटेल. ब्लाइंडला मात्र आम्ही मराठी शब्द शोधला नाही. "दिसेना" करून बघितलं, पण तो नो जॉयमध्ये मिसळतो. कुणाला सुचला तर कळवा, चालवून बघू. दोन अक्षरांपेक्षा मोठा नको.

चला, पुढच्या भागात भेटू.