आहार : सांगावा की ठरवावा?



व्याख्यानाच्या व्यासपीठावरून व्याख्यानाची मर्यादा सांगणे थोडे विपरीत दिसेल. परंतु आमचा विषयच तसा आहे. माणसाचे खाणे उपदेशाने फारसे बदलत नाही. चार माणसांत बसून, बोलून, ठरवून ते बदलते.

याला प्रयोगाचा आधार आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत मांसाची टंचाई असताना मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी गृहिणींचे सहा गट घेतले. जनावराचे हृदय, मूत्रपिंड असे पौष्टिक पण नावडते भाग त्यांनी रांधावेत, हा हेतू. तीन गटांना व्याख्यान दिले. उरलेल्या तीन गटांनी वास कसा घालवावा, घरची माणसे कुरकुरली तर काय करावे, याची चर्चा केली आणि शेवटी हात वर करून निश्चय केला. पुढे चौकशी झाली, तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांत शेकडा ३, तर चर्चा केलेल्यांत शेकडा ३२ जणींनी नवा पदार्थ केलेला आढळला.

आता आपल्या खानदेशाकडे पाहू. कळण्याची भाकरी आपणां सर्वांच्या परिचयाची. ज्वारीत लायसिन कमी, ते उडीद भरून काढतो. दोन्ही एकत्र दळल्याने प्रथिनांचा कस वाढतो. पुस्तकात येण्यापूर्वीच हे आपल्या जात्याला ठाऊक होते. तेव्हा ज्ञान घरात आहेच. खरा प्रश्न ताट कोणाला, केव्हा वाढले जाते हा आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जेवणासोबत चहा नको, भाजीवर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते, हे सांगणे सोपे आहे. पण “सगळ्यांची जेवणे होईतो भाजी उरतच नाही,” असे एखादी म्हणाली, तर उपदेशक काय सांगणार?

याचे उत्तर घरोघर ठरायला हवे. उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याकडे बिबडे-पापडांसाठी बाया एकमेकींकडे जमतात. सभा आयतीच भरते. तेथे जाणाऱ्याने सांगू नये, विचारावे. अडचणी त्यांनी मांडाव्यात, तोडही त्यांनीच काढावी. मात्र पुरुषांचीही अशी बैठक भरली पाहिजे; पंगत बदलायची तर ती एकट्या बाईने बदलणारी नव्हे.

म्हणून आमची विनंती एवढीच : आपापल्या गल्लीत दहा घरे जमवा, एकच गोष्ट ठरवा, आणि आठ दिवसांनी पुन्हा बसून एकमेकांना विचारा.