मिलिग्रॅमच्या वस्तूचा साचा

रायपूरला माल टनावर मोजायची सवय आहे. सिलतऱ्याचं स्पंज आयर्न असो की राइस मिलमधला तांदूळ, हिशेब टनाचाच. त्यामुळे ब्राह्मणपाऱ्यातल्या एखाद्या मुलाने मशीनचं काम शिकतो म्हटलं, की डोळ्यांपुढे अवजड कामच येतं. मला आज बाजू मांडायची आहे ती श्रवणयंत्रात, घड्याळात बसणाऱ्या प्लास्टिकच्या इवल्या भागांच्या साच्यांची. यातला एखादा भाग कच्च्या मालाच्या एका दाण्याहूनही हलका असतो. भाग लहान म्हणून साचा सोपा, हा समज मात्र मुळातच चुकीचा. वस्तू लहान होते, अडचणी होत नाहीत. ॲसिटल या प्लास्टिकचं 3 मिमीचं दातेरी चाक घ्या. निवताना ते सुमारे 2 टक्के, म्हणजे 0.06 मिमी आटतं. तेवढी कॅव्हिटी, म्हणजे साच्यातली पोकळी, मोठी कापता येते. पण चाक 3 मिमीचं असलं तरी साच्याची प्लेट 100 मिमीची असू शकते, आणि एवढं पोलाद 10 अंशांनी तापलं की जवळपास 0.012 मिमी वाढतं. साच्याचे दोन्ही भाग सारखे तापले नाहीत तर कोअर, म्हणजे भोक घडवणारा साच्याचा भाग, सरकतो आणि चाकाचं भोक मध्यावर राहत नाही. बादलीच्या साच्यात एवढा फरक कुणाच्या ध्यानातही येणार नाही. साच्यातल्या हवेचंही तेच. ती निघून जायला ठेवलेली चीर नायलॉनसाठी 0.01 मिमीच्या आसपासच हवी; खोल झाली तर फ्लॅश, म्हणजे कडेला जादा प्लास्टिकचा पापुद्रा, येतो; उथळ राहिली तर कोंडलेली हवा तापून कड जाळते.

कुणी म्हणेल, हे सगळं आता सॉफ्टवेअर करतं. हत्याराचा मार्ग ते जरूर आखतं. पण साचा कुठे उघडावा, प्लास्टिक आत शिरायची वाट, म्हणजे गेट, कुठे द्यावं, इजेक्टर पिनने कुठे ढकललं तर नाजूक दाता मोडणार नाही, हे आधी माणसालाच ठरवावं लागतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: गिऱ्हाईक पुण्या-मुंबईकडे, मग हे रायपुरात कशाला? पण पोलादाला भाड्याचा भार सोसावा लागतो; या इवल्या भागांचे हजारो नग एका पाकिटात मावतात. शिवाय काच मिसळलेलं नायलॉन गेट झिजवतं, आणि बाहेरून आणलेला साचा दुरुस्तीला परत पाठवला की उत्पादन थांबतं. यंत्रं महाग आहेत, हे खरंच. म्हणून सुरुवात दुरुस्तीच्या कामापासून व्हावी. प्लास्टिकचं शिक्षण देणाऱ्या सीपेटचं केंद्र भनपुरीत आहेच. शिकणाऱ्याने मात्र आरेखन आणि कटिंग अशी फारकत करू नये. ज्याने गेटची जागा ठरवली, त्यानेच 0.2 मिमीचा एंडमिल हे कापायचं हत्यार लावून ते गेट कापावं, आणि निघालेला पहिला नग स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा.