वेळ, वेष आणि वर्तन
(पांचवी ते आठवीच्या मुलांच्या पालकांपुढें झालेलें भाषण)



शेत, भाता, माग आणि चाक बाजूला ठेवून आपण येथें जमलांत, याबद्दल मी आपला आभारी आहें. आपलीं मुलें शाळेंत कशीं जावींत आणि तेथें कशीं वागावींत, एवढेंच आज बोलावयाचें आहे.

पहिली गोष्ट वेळेची. वेळ पाळणें ही कांहीं शहरच्या बाबूंची मिरास नाहीं. वाफसा गेला कीं पेरणी साधत नाहीं, लोखंड निवलें कीं घण फुकट जातो, हें आपणांस कोणी शिकवावयास नको. मग शाळेची घंटाच तेवढी कमी मोलाची कां? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहावी ते आठवीसाठीं वर्षाचे निदान 220 दिवस व 1000 तास शिकविण्याचे ठरविले आहेत. रोज अर्धा तास उशीर झाला, तर वर्षाचे 110 तास बुडाले. म्हणजे रुपयांतले अकरा पैसे गेले. दुकानदारानें मापांत एवढी खोट केली तर आपण भांडूं. येथें आपणच आपल्या लेकराच्या मापांत खोट करतों! उशिरा आलेल्या पोराला धड्याचा शेंडाबुडखा कळत नाहीं. तें गप्प बसतें, मागच्या बांकावर सरतें, आणि दोन वर्षांनीं आपण म्हणतों, याचें डोकें चालत नाहीं. डोकें चालतें हो, त्याला वेळच मिळाला नाहीं!

कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं 1917 सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, आणि मूल न पाठविणाऱ्या आईबापांस दंड ठेवला. आतां उशिराचा दंड आईबाप भरीत नाहींत. तो मूल भरतें, आणि जन्मभर भरतें. म्हणून रात्रींच दप्तर भरून ठेवा. सकाळचें शेणपाणी एकट्या मुलीच्या माथीं मारूं नका. घरांतल्या सर्वांनीं तें वांटून घ्यावें.

दुसरी गोष्ट वेषाची. गणवेष कशासाठीं? सावकाराचें आणि सालगड्याचें पोर एका रांगेंत बसलें म्हणजे वेगळें ओळखूं येऊं नये, यासाठीं. तेव्हां सोन्याची साखळी किंवा महागडा मोबाईल देऊन मूल शाळेंत पाठविणें म्हणजे त्या हेतूलाच सुरुंग लावणें होय. ठिगळाची लाज नको, मळाची असावी. कपडा धुतलेला, नखें कापलेलीं आणि केस विंचरलेले असले म्हणजे झालें. सरकारी शाळांतून आठवीपर्यंत मोफत गणवेषाची योजना आहे. ती भीक नव्हे, चौकशी करून घ्या.

आणि गुरुजनांसही नम्र विनंती कीं, कपडा नाहीं म्हणून कोणतेंही मूल दाराबाहेर उभें करूं नये. त्याच कायद्यानें मुलास मारणें व त्याचा मानसिक छळ करणें मना केलें आहे, आणि आठवी पुरी होईपर्यंत त्यास शाळेंतून काढतां येत नाहीं. चारचौघांत खजील झालेलें पोर दुसऱ्या दिवशीं गुरांमागें जातें आणि पुन्हा परत येत नाहीं.

तिसरी गोष्ट वर्तनाची. मास्तरांचा मान ठेवावा. परंतु उभें राहून प्रश्न विचारणें हा उद्धटपणा नव्हे. न विचारणारें मूल शहाणें दिसतें, शहाणें होत नाहीं. सोबत्यास जातीवरून किंवा बापाच्या धंद्यावरून हिणवणें हा मात्र मोठा गुन्हा समजावा. आणि तें विष पोर घरांतूनच शिकतें, म्हणून आधीं आपलीच जीभ आवरावी. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं 1924 सालीं साताऱ्यास काढलेल्या बोर्डिंगांत नाना जातींचीं मुलें एकत्र राहिलीं, एका पंक्तीस जेवलीं आणि आपलें काम आपल्या हातानें करूं लागलीं. खरी शिस्त ती हीच. छडीनें येते ती नुसती भीति.

शेवटीं एक सांगतों. नियम एकट्या मुलांना नाहींत. नियमित व वेळेवर येण्याचें बंधन कायद्यानें मास्तरांवरही घातलें आहे. सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितींत चारांतले तीन सभासद पालक असावे लागतात, आणि एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया. त्या जागा रिकाम्या ठेवूं नका, कीं नुसत्या सहीपुरत्या भरूं नका. बैठकीस जा, हजेरी पाहा, प्रश्न विचारा. मूल घंटेच्या आधीं दारांत, आणि मास्तर मुलाच्या आधीं वर्गांत, एवढें आपण सर्वांनीं मिळून साधूं या.